आजोबांची पोथी आणि वडिलांची पुस्तके

नवरात्र उठले, की आमच्या घरात माळ्यावरचे डबे खाली येतात. डबे खाली आले, की पुस्तकांचे कपाट उघडते; आणि कपाट उघडले, की भांडण होते. हा क्रम गेल्या चाळीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की जे पुस्तक वर्षभरात कोणी हातात घेतले नाही, ते रद्दीवाल्याकडे गेले पाहिजे. माझे म्हणणे असे, की या न्यायाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेखेरीज घरात छापील असे काही उरणारच नाही. शेवटी तडजोड होऊन मुलांच्या चारदोन जुन्या गाइडांचा बळी जातो आणि कपाट पुन्हा बंद होते, ते पुढच्या नवरात्रापर्यंत.

यंदा मात्र भांडण झालेच नाही. त्याचे असे झाले. आमचे वडील मॅट्रिकला असताना, म्हणजे १९४३ साली, त्यांनी पैसे साठवून एक कादंबरी विकत घेतली होती. पहिल्या पानावर त्यांची सही, खाली तारीख आणि त्या वयाला शोभेल अशी वेलबुट्टी. ती कादंबरी मी खणातून काढली आणि सहज मधले एक पान उलटले. उलटले म्हणतो, पण पान उलटले नाही. उडदाचा भाजका पापड मोडावा तसा त्याचा कोपरा चिमटीत आला. दुसऱ्या पानाचीही तीच गत. मांडीवर तपकिरी भुगा पडला.

त्याच कपाटात खालच्या खणात, लाल फडक्यात बांधलेली, आजोबांची हस्तलिखित पोथी असते. शिवलीलामृत. आजोबा दर शिवरात्रीला ती वाचत म्हणून ती आजोबांची. पण शेवटच्या पानावर शके १७०४, शुभकृत नाम संवत्सर असे लिहिले आहे. म्हणजे इंग्रजी १७८२ साल. त्या वेळी पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते. ती पोथी सोडली, तर पाने कशी? मऊ सुती कापडासारखी! वाकवावी तशी वाकतात आणि अक्षर तर काल लिहिल्यासारखे काळेभोर.

सौभाग्यवतींनी एकदा भुग्याकडे पाहिले, एकदा पोथीकडे पाहिले आणि विचारले, "अहो, यातले जुने कोणते?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी यंदाची दिवाळी गेली. ते उत्तर आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटाला लागू आहे, म्हणून हा प्रपंच.

उत्तर दिले ते आमच्या शेजाऱ्यांकडे पाहुण्या आलेल्या एका बाईंनी. आयुष्यभर त्यांनी एका ग्रंथसंग्रहात जीर्ण कागद दुरुस्त करण्याचे काम केले. आम्ही त्यांना ताईच म्हणू लागलो. ताईंनी पोथीचे एक पान दोन्ही तळहातांवर अलगद घेतले, खिडकीच्या उजेडाकडे धरले आणि म्हणाल्या, "अप्पा, ह्याला काही करू नका. हा आपला हातकागद आहे. आपल्या दोघांच्या पश्चात राहील. काळजी करायची ती तुमच्या वडिलांच्या पुस्तकांची."

पूर्वी आपल्याकडे कागद होत असे तो जुन्नरला, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि अशाच आणखी काही गावी. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे, तेथे आज कागद होत नसला तरी नाव टिकून आहे. या कागदाला लागत चिंध्या, तागाचे जुने दोर आणि गोणपाट. ते चुन्याच्या पाण्यात भिजवून कुजवायचे, ढेकीने कुटायचे, धुवायचे आणि पुन्हा कुटायचे. तो लगदा हौदात कालवून बारीक काड्यांच्या साच्यावर उचलायचा, ताव वाळवायचे, त्यांना खळ द्यायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटून घोटून तकाकी आणायची. कापडाचा आणि तागाचा तंतू लांब, म्हणून कागद चिवट. आणि लगद्यात मागे राहिलेला चुन्याचा अंश हा त्या कागदाचा राखणदार. कारण कागदाचा खरा वैरी म्हणजे आम्ल, आणि चुना ते आम्ल मारतो. काळी शाई करायची ती काजळ आणि डिंक खलून. काजळ उडत नाही, विटत नाही. मात्र पाणी लागले तर ही शाई पसरते, हे पोथीवाल्याने विसरू नये.

एकोणिसाव्या शतकात युरोपात कागदाची भूक वाढली आणि चिंध्या पुरेनाशा झाल्या. जर्मनीतील इलिग नावाच्या कारागिराने १८०७ साली कागदाला खळीऐवजी राळ आणि तुरटी देण्याची युक्ती प्रसिद्ध केली. यंत्रावर ती फार सोयीची पडली. पुढे १८४४ च्या सुमारास केलर या दुसऱ्या जर्मन गृहस्थाने लाकूड दगडावर घासून त्याचाच लगदा करण्याची रीत काढली. कागद स्वस्त झाला, वर्तमानपत्रे निघाली, कादंबऱ्या निघाल्या आणि आपल्यासारख्यांच्या घरात पुस्तकांची कपाटे आली. हे उपकार लहान नव्हेत. पण तुरटीतून हळूहळू आम्ल सुटते, लाकडाच्या लगद्यातूनही सुटते, आणि ते कागदाचे तंतू आतल्या आत तोडत राहते. हवा जितकी उष्ण आणि दमट, तितके हे काम जलद. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९५० नंतरच्या दशकात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पाचशे पुस्तकांचा कागद घड्या घालून तपासला आणि त्यातील बहुतेक पुस्तके पुढच्या शतकात हाताळण्याजोगी राहणार नाहीत असा निष्कर्ष काढला. आपल्याकडे तर दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई. मिळेल त्या कागदावर छापावे लागे. वडिलांची कादंबरी नेमकी त्या सालातली.

थोडक्यात, अडीचशे वर्षांची पोथी ठणठणीत आणि ऐंशी वर्षांची कादंबरी मरणपंथाला, असा हा उलटा हिशेब आहे. आपण मात्र पोथीला देव्हाऱ्याजवळ ठेवतो आणि कादंबरीला माळ्यावर टाकतो. पत्र्याखालच्या माळ्यावर चैत्र-वैशाखात काय उष्मा होतो, ते वर चढून पाहिल्यावाचून कळणार नाही.

अशा पुस्तकावर घरगुती औषध आहे काय? नाही, असे ताईंनी स्पष्ट सांगितले. आम्ल मारण्याची रासायनिक क्रिया प्रयोगशाळेतच व्हावी. घरी कोणी चुन्याची निवळी लावण्याचा उद्योग करू नये. घरी करता येते ते एवढेच, की त्याचे म्हातारपण लांबवावे. घरातली जी खोली सर्वांत थंड आणि कोरडी, तिथे ते ठेवावे. ऊन आणि ट्यूबलाइट यांपासून दूर. जास्तच मोडकळीला आले असेल, तर चांगल्या पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे. आणि एकदा, फक्त एकदाच, सावकाश पाने उलटून मोबाइलने प्रत्येक पानाचे चित्र घेऊन ठेवावे. पुस्तक पूर्ण सपाट उघडू नये. दोन बाजूंना उशा देऊन इंग्रजी 'व्ही'सारखे अर्धे उघडावे. मी आणि नातवाने मिळून त्या कादंबरीची चित्रे घेतली. दोन रविवार लागले. नातवाला आजोबांच्या वडिलांचे वाचन फारसे रुचले नाही, पण ती वेलबुट्टी त्याने मित्रांना दाखवली.

एक गोष्ट ताईंनी पाहताक्षणी करायला लावली. वडिलांच्या पुष्कळशा पुस्तकांना मी मोठ्या प्रेमाने वर्तमानपत्राची कव्हरे घातली होती. ती त्यांनी सगळी काढायला लावली. वर्तमानपत्राचा कागद हा सर्वांत आम्लाचा. तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजाऱ्यालाही पाडतो. जुन्या पुस्तकांत ठेवलेली कात्रणे काढून पाहा, दोन्ही पानांवर कात्रणाच्या मापाचा तपकिरी चौकोन उमटलेला दिसेल. तीच गोष्ट बसच्या तिकिटांची आणि तीच विद्येच्या पानाची. लहानपणी आपण मोरपीस पुस्तकात ठेवून त्याला पिल्लू कधी होते याची वाट पाहत होतो. मोरपिसाला पिल्लू होत नाही, पण त्यावर जगणाऱ्या किड्यांना होतात.

आता मला माझ्या पापाची कथा सांगितली पाहिजे.

आमच्या घरात तिसरेही एक जुने पुस्तक आहे. शिळाप्रेसवर छापलेला पांडवप्रताप; पणजोबांनी मुंबईहून आणलेला. आजोबांनी त्याच्या समासांत मोडीत बारीक अक्षरांनी काही काही लिहून ठेवले होते. घरात मोडी वाचता येत होते ते आजोबांना आणि थोडेफार वडिलांना. मला त्यातले ओ की ठो कळत नसे. तीस एक वर्षांपूर्वी त्या ग्रंथाची शिवण सुटली, म्हणून वडिलांना आश्चर्याचा आनंद द्यावा या हेतूने मी तो गुपचूप एका बाइंडरकडे दिला. आठ दिवसांनी ग्रंथ परत आला तो नवरदेवासारखा. लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरे आणि कडा कशा सुरीने कापल्यासारख्या सरळ. त्या खरोखरच यंत्राने कापल्या होत्या. वडिलांनी ग्रंथ हातात घेतला, चार पाने उलटली आणि मला विचारले, "समास कुठे गेला रे?" त्यानंतर त्या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मी बाइंडरला दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. शाळेच्या वह्या आणि कचेरीची रजिस्टरे बांधणारा माणूस तो; कडा सरळ करणे हे त्याच्या मते उत्तम काम.

म्हणून जुने पुस्तक बांधायला देणाऱ्याने आधी स्पष्ट सांगावे, की कडा कापायच्या नाहीत. कडेपासून टोचे मारून शिवायचे नाही. पूर्वी जशी फर्म्याच्या घडीतून शिवण होती तशीच हवी, नाहीतर पुस्तक पुरते उघडत नाही आणि उघडायला गेले की जुना कागद शिवणीशी तुटतो. जुना पुठ्ठा फेकायचा नाही. खळीत मोरचूद घालायचे नाही. कीड लागू नये म्हणून बाइंडर मोरचूद घालीत, पण ते विष आहे आणि त्यातले तांबे कागदाला पोखरते. एवढे ऐकून बाइंडर चिडला तर पुस्तक तसेच घरी आणावे, सुती फितीने सैलसर बांधावे आणि स्वस्थ बसावे. रबर मात्र लावू नये. रबर उन्हाळ्यात वितळून चिकटते आणि मग पानासकट सुटते.

फाटलेल्या पानाचे काय? तुम्हांआम्हांला ठाऊक असलेला उपाय म्हणजे चिकटपट्टी. ती लावताना इतका आनंद होतो, की जणू पानाचे ऑपरेशन यशस्वी झाले! पाचदहा वर्षांनी पट्टी गळून पडते, गोंद कागदात मुरून पिवळा डाग राहतो, आणि तो डाग काढणे ताईंच्याही हातचे नसते. लॅमिनेशन हा त्याचाच थोरला भाऊ. आजीचे पत्र, पणजोबांची सनद, जुनी जन्मपत्रिका लोक कौतुकाने लॅमिनेट करून आणतात. तापलेल्या प्लॅस्टिकमध्ये कागद जन्माचा कोंडला जातो आणि पुढे कोणाला सोडवायचा म्हटला तरी सुटत नाही. दुरुस्तीचा पहिला नियम ताईंनी सांगितला तो असा, की आज केलेले उद्या कोणाला काढता आले पाहिजे. त्या स्वतः वापरतात तो तुतीच्या सालीचा जपानी कागद. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, पण तंतू लांब. आणि खळ कसली? "गव्हाचा चीक," ताई म्हणाल्या. "वहिनी, तुम्ही कुरडयांना करता तोच. फक्त मीठ न घालता शिजवायचा, गाळायचा आणि अगदी पातळ लावायचा." आमच्या सौभाग्यवतींचा कपाटाविषयीचा दृष्टिकोन बदलला तो या वाक्याने. आता त्या स्वतःला या शास्त्रातील अर्ध्या तज्ज्ञ समजतात.

घरच्या पुस्तकांचे एक दुखणे असे असते, की ते पुस्तकात नसून भिंतीत असते. ताईंनी आमच्या लोखंडी कपाटामागे हात घातला आणि भिंतीला तळहात लावला. पलीकडे न्हाणीघर. भिंत गार आणि ओलसर. कपाट भिंतीला टेकवलेले, पुस्तके खणात कोंबलेली, दार वर्षभर घट्ट बंद. "ही पेटी नव्हे, इडलीचे भांडे आहे," त्या म्हणाल्या. हवेतला दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर टिकला, की बुरशी धरते. मुंबईत आणि कोकणात चारही महिने तो त्याहून वर असतो. कपाट आतल्या कोरड्या भिंतीकडे हलवले, मागे चार बोटे जागा सोडली, खालचा खण जमिनीपासून वीतभर उचलला. पुस्तके एकमेकांना आधार देतील पण गुदमरणार नाहीत इतकी सैल लावली. पावसाळ्यात धो धो पावसाच्या दिवशी कपाट उघडू नये. उघडीप असेल त्या दुपारी तासभर दोन्ही दारे उघडून पंखा लावावा.

आपल्याकडे पावसाळा संपला की पुस्तकांना ऊन दाखवण्याची रीत आहे. रीत चांगली, पण ऊन नको. कडक उन्हाने शाई विटते, कागद कडक होतो, पुठ्ठे वाकतात. आश्विनातल्या कोरड्या दिवशी गॅलरीत सावलीला, वारा लागेल असे मांडावे. बुरशी दिसली तर ती घरात झटकू नये. नाकाला फडके बांधून, बाहेर, मऊ ब्रशने पुस्तकापासून दूर लोटावी. दाढीचा नवा ब्रश या कामाला फार उत्तम, असा माझा अनुभव आहे. ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह टाळावा.

कीड ओळखायची तर तिचे काम पाहावे. पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसला, कुठे कुठे पारदर्शक झाला, तर ती कसर. ती रुपेरी, चपळ, दिवा लावला की पळते. तिला खळ आवडते. आरपार गोल भोके आणि बारीक पीठ दिसले तर आत अळी आहे. मातीचे बोगदे दिसले तर ती वाळवी, आणि मग पुस्तकांआधी घराचा विचार करायला हवा. डांबराच्या गोळ्यांनी यातले फारसे काही मरत नाही. वास मात्र माणसांना बाधतो, तान्ह्या मुलांना विशेषच. आपल्या आज्या वेखंड, कडुनिंबाची पाने, लवंग असे काही कपाटात ठेवीत. त्याने कीड दूर राहायला थोडी मदत होते, मरत नाही. ठेवायचेच तर मलमलीच्या पुरचुंडीत, पुस्तकाबाहेर ठेवावे. पानात ठेवलेले कडुनिंबाचे पान आपली आकृती त्या पानावर कायमची उठवून जाते.

आत अळी असेल तर आजचा उपाय चमत्कारिक वाटेल, पण खरा आहे. पुस्तक प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करावे आणि डीप फ्रीझरमध्ये, उणे अठरा अंशांत, दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, एक दिवस तशीच राहू द्यावी, म्हणजे पाणी सुटते ते पिशवीच्या बाहेर राहते. अळ्या आणि अंडी मरतात. चामड्याची बांधणी किंवा रंगीत चित्रांची पोथी असेल तर मात्र जाणत्याला विचारल्यावाचून हे करू नये. आमच्याकडे एक जुना कोश मटारच्या पिशवीशेजारी दोन आठवडे राहून आला. घरी आलेल्या व्याह्यांना बर्फाऐवजी तो हाती लागला, ती गंमत वेगळी.

दसऱ्याविषयी लिहावे की नाही, असा मला प्रश्न पडला होता. पाटीवर सरस्वती काढून पुस्तकांची पूजा करणे ही आपल्या घराघरांतली सुंदर रीत. पण आमच्या पोथीच्या पहिल्या पानावर पिढ्यान् पिढ्यांचे हळदकुंकू, गंधाचे ठिपके आणि पाण्याचे ओघळ आहेत. पहिली दोन अक्षरे तर भक्तीत वाहूनच गेली. अक्षता कपाटात राहिल्या की त्यांच्यामागे किडे येतात. यंदा पोथी फडक्यातच ठेवली, हळदकुंकू पाटीला वाहिले, फूल पाटावर. कोणाचा कोप झाल्याचे दिसले नाही. हे बांधायचे फडकेही जुने, पुष्कळदा धुतलेले, खळ नसलेले सुती असावे. लाल खारव्याची रीत आहे, पण त्याचा रंग जातो का हे आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळून पाहावे.

पोथी हाताळताना हात धुऊन पुरते कोरडे करावेत. पांढरे हातमोजे लागतात असे सिनेमात दाखवतात. मोज्यांनी बोटांची जाणीव जाते आणि पान फाटते. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय असेल तर पोथीपुरती ती सोडलीच पाहिजे, आणि नुसती स्वच्छतेसाठी नव्हे. पोथीत मधे मधे पिवळे पट्टे दिसतात, तो हरताळ. लेखकाची चूक झाली की त्यावर हरताळाचा लेप द्यायचा आणि वर पुन्हा लिहायचे. एखाद्याच्या मेहनतीवर 'हरताळ फासला' असे आपण म्हणतो ते यावरूनच. हरताळ म्हणजे सोमलाच्या जातीचे विष. किडे त्याला तोंड लावत नाहीत, ते आपल्यापेक्षा शहाणे.

त्या काळचे लेखक पोथीच्या शेवटी वाचणाऱ्याला विनवून ठेवीत, की लिहिताना पाठ, कंबर आणि मान मोडली आहे. तेव्हा तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून या ग्रंथाला जप आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. ताई म्हणाल्या, "पहिली तीन पथ्ये आम्ही संस्थेत सांभाळतो. चौथे अवघड असते."

पाण्याचे बोलायचे तर आपल्या शहरांना ते सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांतून किती घरांची पुस्तके चिखलात गेली त्याची मोजदाद नाही. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचे पाणी राष्ट्रीय ग्रंथालयात शिरले, तेव्हा जगभरची तरुण मुले चिखलातून हातोहात ग्रंथ वर काढायला धावली. भिजलेला ग्रंथ कसा वाचवावा याचे आजचे शास्त्र बरेचसे त्या आपत्तीनंतर उभे राहिले. आमच्या चिपळूणला १८६४ साली स्थापन झालेल्या वाचन मंदिरात २०२१ च्या जुलैच्या पुराचे पाणी शिरले, तेव्हा भिजलेली पुस्तके पाहून ज्यांनी डोळे पुसले त्यांत मीही होतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तेरा दिवसांनी कोरड्या परत दिल्या. आपल्या गच्चीवरची टाकी तशी कृपा करणार नाही.

पुस्तक भिजले तर आधी दोन दिवसांचा हिशेब करावा, कारण तेवढ्यात बुरशी येऊ लागते. चिंब पुस्तक जबरदस्तीने उघडू नये, पिळू नये, इस्त्री करू नये, उन्हात टाकू नये. थोडे ओले असेल तर उभे करून पाने पंख्यासारखी फाकवावीत आणि पंखा लांबून सोडावा. फार ओले असेल तर बांधणीजवळ न दाबता मधे मधे पांढरा टिपकागद किंवा साधा टिश्यू घालून तो सारखा बदलत राहावा. पुस्तके पुष्कळ असतील आणि हात थोडे, तर पुन्हा तोच फ्रीझर. गोठलेले पुस्तक सडत नाही. मग एकेक काढून सवडीने वाळवावे. गुळगुळीत आर्ट पेपरची पाने मात्र ओली असतानाच सुटी करावी लागतात, वाळली की ती वीट होते.

इतके सगळे करायला ज्यांना सवड नाही, त्यांनी मनाशी लाज धरू नये. पण रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एक फोन करावा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या दुकानांतून कागद सोडवीत हिंडले; 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला तो अशाच कागदांतून. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ पासून हे काम करीत आहे. भांडारकर संस्थेतील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची नोंद २००७ साली युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या यादीत केली, त्यातले एक भूर्जपत्रावर शारदा लिपीत आहे. आपल्या घरची पोथी इतकी थोर नसेल, पण ती काय आहे हे ठरवण्याचा अधिकार रद्दीच्या तराजूला नाही, एवढे मी म्हणेन.

जाण्यापूर्वी ताईंनी पांडवप्रताप मागितला. मी तो जरा आढेवेढे घेऊनच दिला. लाल रेक्झिनकडे पाहून त्या काही बोलल्या नाहीत, ते त्यांचे मोठेपण. पाने उलटता उलटता त्या थांबल्या आणि समासातली मोडी वाचू लागल्या. ती टिपणे म्हणजे आमच्या घराचे जन्ममृत्यूचे दप्तर होते! धाकट्या आजोबांचे निधन, वडिलांचा जन्म, एका विहिरीचे पाणी लागल्याचा दिवस. आणि एका पानाच्या कडेला: शके १८६०, बहुधान्य संवत्सर, आश्विन वद्य द्वादशी, कन्यारत्न, सूर्योदयात् गत घटी... पुढे यंत्राची कापलेली कड.

ती कन्या म्हणजे आमच्या आत्या. वसुबारसेचा जन्म. आता त्या नव्वदीकडे झुकल्या आहेत आणि त्यांच्या जन्मवेळेवरून घरात कायम वाद. त्यांची पत्रिका कधी नीट जमली नाही, असे आजी म्हणायची. वेळ लिहिलेली होती. ती मी कापून आणली.

वसुबारसेला आत्यांना भेटायला गेलो तेव्हा पुस्तक बरोबर नेले आणि सगळे कबूल केले. आत्या हसल्या. "अरे, घटी-पळे मला ठाऊक नाहीत. पण आई सांगायची, संध्याकाळी गाय-वासराची पूजा आटोपून बायका घरी परतल्या आणि मी झाले." म्हणजे तीस घटींच्या आगेमागे. ताईंनी मला हातकागदाचे दोनचार तुकडे देऊन ठेवले होते आणि शाई न वापरता मऊ पेन्सिलीने लिहायला बजावले होते. मी तिथेच बसून लिहिले, आत्यांच्या सांगण्यावरून म्हणून, आणि त्यांना वाचून दाखवले.

"परतल्या नव्हत्या रे," आत्या म्हणाल्या, "वाटेत होत्या."

मी खोडरबर मागवले.